वेडेवाकडे दात आणि जबड्याची शस्त्रक्रिया : पालकांनी काय जाणून घ्यावे?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





दातांच्या डॉक्टरला व्याख्यानाला बोलावले की ती दात कसे घासावेत तेच सांगणार, अशी तुमची समजूत असेल. परंतु आज मी मुद्दाम दुसरा विषय निवडला आहे. आपल्या शाळांत दंततपासणीसाठी जाते तेव्हा प्रत्येक वेळी दोनचार मुली अशा दिसतात, की हसू आले की त्यांचा हात आपोआप ओढणीकडे जातो आणि ओढणी तोंडावर येते. एखादा मुलगा असा असतो की वर्गातल्या मुलांनी त्याच्या हनुवटीवरून त्याला काहीतरी नाव पाडलेले असते आणि तो प्रश्नाचे उत्तर येत असूनही हात वर करीत नाही. यांतल्या बहुतेकांचे दात नुसत्या तारेने सरळ होण्यासारखे असतात. पण काहींचा दोष दातांत नसतो, जबड्यात असतो. त्यांना तार आणि शस्त्रक्रिया असे दोन्ही उपचार मिळून करावे लागतात. आजचे माझे बोलणे त्या थोड्या मुलांविषयी आणि त्यांच्या आईवडिलांविषयी आहे.

असे पालक माझ्याकडे आले म्हणजे तीन प्रश्न हमखास विचारतात. किती दिवस लागतील? खर्च किती येईल? आणि मुलगी असेल तर तिसरा प्रश्न, लग्नाच्या आधी होईल ना? हे तिन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु एक चौथा प्रश्न आहे, तो कोणी विचारीत नाही. हा उपचार मध्येच सोडला तर काय होईल? मी आज सगळे जे सांगणार आहे ते या चौथ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी.

दात आणि जबडा यांतला फरक

आपल्या घराचे दार नीट लागत नसेल तर आपण सुताराला बोलावतो. तो दाराची कड तासतो, बिजागरी सरकवतो आणि दार लागू लागते. पण चौकटच वाकडी बसलेली असेल तर दार कितीही तासले तरी उपयोग होत नाही. दात म्हणजे दार आणि जबड्याचे हाड म्हणजे चौकट, असे समजा. तारेने दात हाडातल्या हाडात सरकतात. ते कितीही सरकवले तरी हाड स्वतः पुढे-मागे होत नाही. चौकटीतला फरक थोडा असेल तर दात किंचित झुकवून काम भागते. फरक मोठा असेल तर चौकटच हलवावी लागते, आणि मोठ्या माणसात ते काम शस्त्रक्रियेवाचून होत नाही.

हा फरक अनेक प्रकारचा असतो. कोणाचा खालचा जबडा इतका पुढे असतो की खालचे दात वरच्या दातांच्या बाहेर येतात. कोणाचा खालचा जबडा लहान राहतो आणि हनुवटी मागे गेल्यासारखी दिसते. कोणाचा वरचा जबडा उभा वाढलेला असतो, त्यामुळे हसताना दातांपेक्षा हिरड्याच जास्त दिसतात आणि ओठ मिटत नाहीत. कोणाच्या दाढा टेकतात पण पुढचे दात एकमेकांना लागतच नाहीत. कोणाचा चेहरा एका बाजूला झुकलेला असतो.

हा नुसता दिसण्याचा प्रश्न आहे असे समजू नका. ज्यांचे पुढचे दात लागत नाहीत, त्या मुलांना पराठ्याचा किंवा भाकरीचा तुकडा दाताने तोडता येत नाही. ती मुले चार लोकांत जेवायला लाजतात. स, श, फ, व या अक्षरांचे उच्चार अडखळतात. सगळा भार दोनचार दाढांवर पडून त्या झिजतात. काही मुले तोंडाने श्वास घेतात आणि त्यांची झोप नीट होत नाही.

हे का होते?

पुष्कळदा ते घराण्यातून येते. मुलाची हनुवटी पाहून मी विचारते आणि दादाजींचा फोटो दाखवला की उत्तर मिळते. काही मुलांना जन्मतः ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. लहानपणी ती शिवली तरी त्यांतल्या काहींचा वरचा जबडा पुढे मागे पडतो. अशा मुलांच्या आईला आजही ऐकावे लागते की हिने ग्रहणात सुरी धरली, ग्रहणात कात्री चालवली. माता-भगिनींनो, ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. त्या आईचा यात काही अपराध नाही.

आणखी एक कारण आहे आणि त्यावर आपला इलाज चालतो. लहान मूल गच्चीवरून, जिन्यावरून किंवा सायकलवरून हनुवटीवर पडते. हनुवटीला टाके पडतात, जखम भरते आणि सगळे विसरून जातात. पण हनुवटीवर बसलेला मार कानापुढच्या सांध्यापर्यंत पोहोचतो आणि तिथले हाड मोडू शकते. ते लक्षात आले नाही तर काही मुलांत सांधा जखडतो, तोंड उघडेनासे होते आणि त्या बाजूची जबड्याची वाढ खुंटते. म्हणून मूल हनुवटीवर पडले आणि नंतर त्याचे तोंड पूर्वीसारखे उघडत नसेल किंवा दात पूर्वीसारखे जुळत नसतील, तर त्याला लगेच दंत रुग्णालयात न्या.

केव्हा दाखवावे आणि केव्हा करावे

या दोन गोष्टींची पुष्कळ लोक गल्लत करतात. दाखवावे लवकर. सातव्या वर्षाच्या सुमारास मुलाचे दात एकदा तज्ज्ञाला दाखवावेत. कारण हाड वाढत असते तोवर काही मुलांत ती वाढ यंत्राच्या साह्याने वळवता येते. वरचा जबडा मागे असेल तर साधारण सात ते दहा वर्षांच्या दरम्यान तोंडावर बांधावयाच्या पट्ट्याचा उपयोग होतो. खालचा जबडा लहान असेल तर मूल झपाट्याने उंच होऊ लागते त्या दिवसांत यंत्र देता येते. अशा काही मुलांची पुढची शस्त्रक्रिया टळते.

शस्त्रक्रिया मात्र वाढ पूर्ण झाल्यावरच करावी. मुलींत ही वाढ साधारण सोळा-सतरा वर्षांपर्यंत आणि मुलांत अठरा-वीस वर्षांपर्यंत चालते. खालचा जबडा सगळ्यांत शेवटपर्यंत वाढतो. चौदाव्या वर्षी खालचा जबडा कापून मागे घेतला तर तो पुढे पुन्हा वाढण्याची भीती असते. म्हणून डॉक्टर काही महिन्यांच्या अंतराने एक्स-रे काढून जुन्या-नव्या मापांची तुलना करतात. डॉक्टरांनी तुम्हाला 'दोन वर्षे थांबा' म्हटले तर ते टाळाटाळ करीत आहेत असे समजू नका.

पहिला टप्पा : तार

सुरुवातीला दातांचे साचे घेतात, फोटो घेतात आणि दोन प्रकारचे एक्स-रे काढतात. एकात सगळे दात आणि जबडा दिसतो, दुसऱ्यात चेहऱ्याची बाजूची मापे घेता येतात. आता साच्याऐवजी यंत्राने तोंडातले चित्र घेण्याची सोयही पुष्कळ ठिकाणी झाली आहे. हे सर्व समोर ठेवून तार लावणारे डॉक्टर आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर असे दोघे मिळून बेत आखतात. 'दोघे मिळून' हे शब्द ध्यानात ठेवा. ज्या ठिकाणी तार लागून वर्ष झाले तरी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी रुग्णाला पाहिलेले नाही, तिथे तुम्ही होऊन विचारले पाहिजे.

नंतर तार लागते आणि ती साधारण एक ते दीड वर्ष राहते. दर चारसहा आठवड्यांनी यावे लागते. प्रत्येक वेळी तीनचार दिवस दात दुखतात, कडक खाता येत नाही. अक्कलदाढा काढावयाच्या असतील तर त्या बहुधा शस्त्रक्रियेपूर्वी काही महिने काढतात. तार असेपर्यंत प्रत्येक जेवणानंतर ब्रश करावा लागतो, नाहीतर तार निघेपर्यंत दात किडलेले असतात.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सांगते. या पहिल्या टप्प्यात चेहरा सुधारत नाही. उलट तो आधीपेक्षा वाईट दिसू लागतो.

असे का? खालचा जबडा पुढे असलेली मुलगी घ्या. इतकी वर्षे तिच्या दातांनी तो फरक झाकण्याचा प्रयत्न केलेला असतो. खालचे दात आत झुकलेले असतात, वरचे बाहेर झुकलेले असतात. म्हणजे दोघांनीही एकमेकांना गाठण्यासाठी मान वाकवलेली असते. शस्त्रक्रियेत हाड नेमके बसावयाचे तर आधी प्रत्येक दात आपल्या हाडावर सरळ उभा करावा लागतो. तो उभा केला की झाकलेला फरक उघडा पडतो. खालचे दात आणखी पुढे दिसतात. शेजारची खाला येऊन म्हणते, "एवढे पैसे घालून हे काय करून घेतले?" नेमक्या याच वेळी पुष्कळ घरांचा धीर सुटतो. (काही निवडक रुग्णांत आता आधी शस्त्रक्रिया आणि मग तार असाही क्रम ठेवतात. तो आपल्याला लागू आहे की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.)

एका मुलीची हकीकत सांगते. तिचे नाव-गाव सांगणार नाही. ती बारावीला होती, हुशार होती. तिला तार लागली, चौदा महिने ती नियमाने आली. दात सरळ झाले, खालचे दात पुढे गेले. शस्त्रक्रिया तीनचार महिन्यांवर आली असताना तिच्या अम्मी एकट्याच आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरबाई, रिश्ता ठरला आहे. मुलाकडचे ऑपरेशनला तयार नाहीत. तुम्ही फक्त तार काढून द्या." मी पुष्कळ समजावले. शेवटी तार निघाली. दुसरा इलाज नव्हता, तार ठेवून ती येणार नसेल तर दात किडणारच होते. आज तिचे पुढचे दात पूर्वीपेक्षा कमी जुळतात आणि खाणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. त्या माऊलीला मी दोष देत नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना सगळे सांगितले होते, पण मुलीच्या अब्बांना समोर बसवून सांगितले नव्हते. मधल्या दिवसांत चेहरा बिघडलेला दिसेल हे एका वाक्यात सांगून मी पुढे गेले होते. ती चूक माझी होती. तेव्हापासून घरात निर्णय घेणारी सगळी माणसे आल्याशिवाय मी अशी तार लावीत नाही.

दुसरा टप्पा : शस्त्रक्रिया

शस्त्रक्रिया म्हटले की लोक घाबरतात, म्हणून तिचा थोडा इतिहास सांगते. खालचा जबडा कापून बसवण्याची पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया १८४९ साली अमेरिकेत व्हीलिंग या गावी सायमन हलिहेन यांनी केली. ती रुग्ण एक तरुण स्त्री होती. लहानपणी भाजल्यामुळे तिच्या मानेची कातडी आक्रसली होती आणि जबडा ओढला गेला होता. वरच्या जबड्याचे हाड कोणत्या रेषांवर तुटते याचा अभ्यास फ्रान्समधील रेने ल फोर यांनी १९०१ साली प्रसिद्ध केला. आज वरचा जबडा मोकळा करताना वापरतात त्या रेषेला त्यांचेच नाव आहे. झुरिचचे हुगो ओब्वेगेसर यांनी १९५० नंतरच्या दशकात खालचा जबडा आतून उभा चिरण्याची पद्धत बसवली आणि हे काम तोंडाच्या आतूनच करता येऊ लागले. आणि दातांना तारेने बांधणे हेही आजचे नाही. दहाव्या शतकात कुर्तुबा येथील प्रसिद्ध शल्यवैद्य अबुल कासिम अल-जहरावी यांनी हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची रीत आपल्या ग्रंथात लिहून ठेवली आहे.

आज ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन करतात. श्वासाची नळी बहुधा नाकातून घालतात. चिरा तोंडाच्या आत घेतात, त्यामुळे चेहऱ्यावर सहसा व्रण राहत नाही. हाड ठरलेल्या जागी सरकवून टायटॅनियम धातूच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रू लावतात. या पट्ट्या बहुतेक वेळा जन्मभर आतच राहतात. जुन्या काळी दोन्ही जबडे सहा-सहा आठवडे तारेने बांधून ठेवीत. आता पट्ट्यांमुळे ती वेळ फारशी येत नाही, बहुधा रबरावर भागते. एक जबडा आहे की दोन्ही, त्यावर वेळ ठरतो. दोन तासही लागतात, पाच तासही लागतात. रुग्णालयात बहुधा दोन ते चार दिवस राहावे लागते.

शस्त्रक्रियेपूर्वी रक्त तपासतात. आपल्या पुष्कळ मुलींच्या अंगात रक्त कमी असते. ते आधी भरून काढावे लागते, आणि त्यासाठी काही महिने हाताशी असावे लागतात.

आता विद्यार्थी मित्रांशी दोन शब्द. आपल्या नागपुरात खर्रा हा शब्द कोणाला सांगावा लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला तो खर्रा कित्येक मुले कॉलेजच्या वयातच खाऊ लागतात. सुपारीने तोंडाची आतली कातडी पांढरी, ताठर होते आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. तीन बोटे उभी तोंडात जात नसतील तर ही धोक्याची खूण समजा. त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. जबड्याच्या शस्त्रक्रियेला तर खर्रा आणि सिगारेट दोन्ही शत्रूच. आखडलेल्या तोंडात काम करणे कठीण, आणि तंबाखूने जखम उशिरा भरते. तार लावण्याआधी खर्रा सोडा, आणि तार निघाल्यावरही तो पुन्हा धरू नका.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

पहिले दोनतीन दिवस सूज वाढत जाते. चेहरा ओळखू येत नाही. नाक चोंदते, लाळेत थोडे रक्त येते. ही सगळी अपेक्षित गोष्ट आहे. बरीचशी सूज दोनतीन आठवड्यांत उतरते, उरलेली उतरायला काही महिने लागतात. वरच्या जबड्याचे काम झाले असेल तर डॉक्टर सांगतील तोवर नाक शिंकरू नये.

खालच्या जबड्यातून ओठाला आणि हनुवटीला जाणारी नस असते. ती शस्त्रक्रियेत ताणली जाते, म्हणून ओठ आणि हनुवटी बधिर होतात. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते. काहींचा थोडा भाग कायमचा बधिर राहतो. हे आधी सांगितलेच पाहिजे, म्हणून सांगते. ओठ बधिर असताना चहा किती गरम आहे ते कळत नाही. कप तोंडाला लावण्याआधी चमचाभर चहा बोटावर घेऊन पाहावा.

खाणे सुरुवातीला पातळ. डाळीचे पाणी, गाळलेली यखनी, दूध, ताक, मिक्सरमधून काढलेली मऊ खिचडी. नंतर सेवई, दलिया, मऊ भात. साधारण सहा आठवडे चावण्याचे काम नाही. तर्री-पोह्यातला चिवडा आणि कबाब त्यानंतरही काही दिवस दूरच ठेवावेत. दोनचार किलो वजन उतरते. थोडे थोडे पण दिवसातून सहा-सात वेळा द्यावे. पुष्कळ विद्यार्थी परीक्षा आटोपल्यावर उन्हाळ्याच्या सुटीत शस्त्रक्रिया करून घेतात. ते सोयीचे आहे, पण नागपूरचा मे महिना लक्षात घेऊन पाणी कमी पडू देऊ नये. रमजानचे दिवसही तारीख ठरवतानाच पाहून घ्यावेत. या आठवड्यांत रुग्णाला दिवसभर थोडे थोडे घ्यावेच लागते, त्यामुळे रोजे पुढे कसे पूर्ण करावेत ते आपल्या मौलवीसाहेबांना आधीच विचारून ठेवावे.

जबड्याला रबर बांधले असेल तर घरी जाण्यापूर्वी एक गोष्ट शिकून घ्या. रात्री उलटी आली तर रबर कसे काढावयाचे, हे घरातल्या दोघांना तरी यायला हवे. कात्री उशाशी ठेवावी.

आणखी एक गोष्ट पुस्तकात कमी आणि घरात जास्त कळते. चौथ्या-पाचव्या दिवशी मूल खचते. आरशात सुजलेला चेहरा दिसतो, बोलता येत नाही, भूक असून खाता येत नाही, आणि 'मी हे का केले?' म्हणून रडू येते. पुष्कळ जणांना असे होते आणि दिवस गेले की ते ओसरते. त्या आठवड्यात घरात भेटायला येणाऱ्यांची गर्दी करू नका. 'आधीच बरी होती' असे कोणी बोलेल तर त्याला दारातच थांबवा.

कॉलेजला साधारण दोन ते चार आठवड्यांनी जाता येते. कबड्डी, क्रिकेट, मोटरसायकलची धावपळ दोनतीन महिने नाही. तोंड उघडण्याचे व्यायाम सांगितलेले असतात. ते दुखले तरी करावेत.

तिसरा टप्पा

शस्त्रक्रिया झाली म्हणजे संपले, असे नाही. दातांची शेवटची जुळवणी करण्यासाठी तार आणखी सहा महिने ते वर्षभर राहते. तार निघाल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून धारकपट्टी वापरावी लागते, तिलाच डॉक्टर रिटेनर म्हणतात. इथेही पुष्कळ मुले कंटाळतात, पट्टी डब्यात पडून राहते आणि दात हळूहळू परत सरकतात. सगळे मिळून दोन ते तीन वर्षे धरून चाला.

धोके मी लपवणार नाही. बधिरपणा राहणे, जंतूंची लागण, रक्तस्राव, हाड थोडे परत सरकणे, क्वचित पट्टी काढावी लागणे, आणि अगदी क्वचित पुन्हा शस्त्रक्रिया. भूल देण्याचेही स्वतःचे धोके असतात. म्हणूनच फरक थोडा असेल आणि खाण्या-बोलण्याला अडचण नसेल तर मी स्वतःच सांगते, शस्त्रक्रिया करू नका.

कोठे जावे?

आपल्या शहरात मेडिकल चौकाजवळ शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. त्याची स्थापना १९६८ ची. हिंगणा मार्गावर खाजगी दंत महाविद्यालये आहेत, वर्ध्याजवळ सावंगी मेघे येथेही आहे. महाविद्यालयात दातांची तार लावण्याचा विभाग आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग एकाच आवारात असतात, आणि खर्च सहसा खाजगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. वेळ मात्र जास्त जातो. तिथे उपचार करणारे तरुण डॉक्टर पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून जातात, तेव्हा आपली फाइल पुढे कोणाकडे जाणार हे विचारून ठेवावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते की नाही, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला लेखी कागद दाखवून विचारावे. दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सोय आहे. शाळेत तपासणीचे पथक येते तेव्हा अशा मुलाला घरी ठेवू नका, मुद्दाम शाळेत पाठवा.

कोणासाठी करावयाचे?

पुष्कळ माता मला हळूच विचारतात, हे करून घेणे आपल्याला जायज आहे का? तो अधिकार आलिम मंडळींचा आहे, माझा नाही. मी एवढेच सांगते की त्यांना विचारताना नुसते 'चेहरा सुंदर करायचा आहे' असे सांगू नका. मुलाला चावता येते का, बोलता येते का, ओठ मिटतात का, हे सगळे त्यांच्यापुढे ठेवा आणि मग विचारा.

आणि शेवटचा प्रश्न, लग्नाआधी होईल का? होईल, जर वेळेवर सुरू केले तर. परंतु लग्नासाठी म्हणून करू नका. सासरच्यांच्या मागणीवरून सुरू केलेला उपचार सासरच्यांच्या मर्जीने थांबतो. त्या तीन वर्षांचा त्रास मुलगी सोसणार आहे, मुलगा सोसणार आहे. तेव्हा पहिला होकार त्यांचाच हवा, आणि अठरा पूर्ण झालेल्यांची तर सहीही त्यांचीच असते. मुलांनो, तुम्हीही डॉक्टरांसमोर अम्मी-अब्बूंच्या मागे लपून बसू नका. तुमचे प्रश्न तुम्ही विचारा.

वहीच्या एका पानावर हे लिहून घेऊन जा. माझा दोष दातांत आहे की जबड्यात? माझी वाढ पूर्ण झाली आहे का? दोन्ही डॉक्टरांनी मिळून पाहिले आहे का? एकूण किती महिने? मधल्या दिवसांत चेहरा कसा दिसेल? पट्ट्या, भूल, खाट, औषधे धरून एकूण खर्च किती? बधिरपणा राहिला तर? काहीच केले नाही तर काय होईल? आणि मध्येच सोडले तर काय होईल?

या सर्वांची उत्तरे मिळाल्यावर घरात बसून विचार करा. सहा महिने विचार करा, वर्षभर करा. वाढ पूर्ण झालेल्या माणसाचे हे काम विसाव्या वर्षी होते तसे तिसाव्या वर्षीही होऊ शकते. उशिरा सुरू केले म्हणून सहसा काही बिघडत नाही. पण जी तार एकदा लागली, ती डॉक्टर काढतील तेव्हाच काढा.

ज्या मुलीची हकीकत मी सांगितली, ती मागच्या वर्षी तिच्या नवऱ्याला घेऊन आली होती. दोघांनी मिळून हीच सगळी माहिती पुन्हा विचारली आणि तिच्या नवऱ्याने ती कागदावर उतरवून घेतली. त्यांनी अजून ठरवलेले नाही, आणि मीही घाई केलेली नाही. या वेळी सगळी माणसे समोर बसून ऐकत आहेत, याचे मला समाधान आहे.